मुक्कामाची वर्षं कुणाच्या खात्यात?

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरून सेंट झेवियर्स कॉलेजच्या मागच्या बाजूला गेलं, की बद्रुद्दीन तय्यबजी मार्गावर पोलिसांच्या आवारात परदेशी नागरिकांची नोंदणी करणारं कार्यालय आहे. सगळे त्याला एफआरआरओ म्हणतात. १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाने पोचल्यापासून १४ दिवसांच्या आत इथे नोंद करायची, असा सर्वसाधारण नियम आहे. २०१८ पासून त्यातलं बरंचसं काम ऑनलाइन होतं. मुंबई बघायला निघालेला माणूस सहसा इथून सुरुवात करत नाही. मी करतो आहे, कारण धोबी तलाव, गिरगाव, लालबाग, परळ, दादर हा आठ-नऊ किलोमीटरचा पट्टा मला एका प्रश्नासाठी पालथा घालायचा आहे. निवृत्तीचं वय व्हायच्या आत जो माणूस परक्या ठिकाणी वर्षानुवर्षं राहायला जातो, त्याच्याकडून ते ठिकाण काय घेतं आणि बदल्यात काय देतं? आज दादर-परळमधल्या घरांत जर्मनी, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दुबई या नावांभोवती जी बोलणी चालतात, त्यांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. आणि व्हिसा हा शब्दही रुळला नव्हता तेव्हापासून या पट्ट्याने त्याची बरी-वाईट उत्तरं देऊन ठेवलेली आहेत.

परदेशात दीर्घकाळ राहण्याचे रस्ते मोजायला गेलं तर पुष्कळ निघतात, पण त्यांच्या मुळाशी दारं तीनच आहेत: श्रम, पैसा आणि नातं. म्हाताऱ्यांसाठी पैशाचं दार बऱ्याच देशांनी उघडं ठेवलं आहे. थायलंडचा निवृत्तांचा व्हिसा पन्नाशीनंतर मिळतो, संयुक्त अरब अमिरातीचा पंचावन्ननंतर. पेन्शन आणा, खर्च करा, नोकरी मागू नका, असा तो सरळ सौदा आहे. तिशी-चाळिशीतल्या माणसाचा सौदा इतका सरळ नसतो. त्याच्याकडे साठवलेला पैसा कमी असतो आणि पुढची कामाची वर्षं भरपूर असतात. यजमान देशाला हवी असतात तीही हीच वर्षं. म्हणून ‘किती वर्षं राहता येईल?’ हा आपल्याकडे पहिल्यांदा विचारला जाणारा प्रश्न मला अपुरा वाटतो. माझं म्हणणं असं, की व्हिसाची किंमत त्याच्या मुदतीवर ठरत नाही. तिथे घालवलेली वर्षं कुणाच्या खात्यात जमा होतात यावर ती ठरते. दहा वर्षं राहूनही अकराव्या वर्षी माणूस पहिल्या दिवसाइतकाच परका राहणार असेल, तर तो दहा वर्षांचा व्हिसा खरं तर एकेका वर्षाचे दहा व्हिसे आहे.

एफआरआरओपासून चालत काही मिनिटांवर धोबी तलाव आहे आणि तिथे मेट्रो सिनेमासमोर जेर महाल ही जुनी इमारत. गोव्याच्या खेड्यांचे ‘कूड’ किंवा क्लब या इमारतीत आणि आसपासच्या गल्ल्यांत होते. काही अजून आहेत. एकेका गावाने एक-दोन खोल्या घ्यायच्या, गावातल्या पुरुषाने नाममात्र वर्गणी भरून तिथे आपली पेटी ठेवायची, संध्याकाळी वेदीसमोर तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायचा आणि बोटीवरची नोकरी मिळेपर्यंत किंवा एक बोट सुटून दुसरी लागेपर्यंत तिथेच पथारी टाकायची, ही त्यांची रीत. अशा कुडांची संख्या एके काळी शेकड्यांत होती. खलाशी, आचारी, वाजंत्री, शिंपी यांच्या कित्येक पिढ्या त्यांच्या आधारावर मुंबईत राहिल्या. आपण सहसा विसरतो ती गोष्ट अशी, की १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगालच्या ताब्यात होता आणि तिथून आलेला हा माणूस कायद्याने परदेशी प्रजाजन होता. म्हणजे निवृत्तीपूर्वीच्या परदेशी माणसांचा दीर्घ मुक्काम हा दक्षिण मुंबईला मुळीच नवा विषय नाही. कुडाने त्या माणसाला स्वस्त निवारा, ओळखीची माणसं, आजारपणात लक्ष आणि मरण आलं तर अंत्यविधीची सोय दिली. कुटुंबासाठी जागा मात्र दिली नाही, कारण कूड एकट्या पुरुषांचा असे. म्हातारपणी परत गोव्याला जायचं हे गृहीत धरूनच ती सगळी व्यवस्था उभी होती. एक मात्र खरं, की जितकं देता येईल तितकंच द्यायचं वचन तिने दिलं होतं. आजच्या पुष्कळ व्हिसांच्या जाहिरातींविषयी असं म्हणता येणार नाही.

धोबी तलावाकडून ठाकूरद्वारच्या दिशेने गिरगावात शिरलं की वर्षं खात्यात कशी जमा होतात याचं वेगळं उदाहरण दिसतं. गिरगावच्या चाळींत कोकणातून, देशावरून आलेली माणसं राहिली, ती भाड्याच्या पावतीवर. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडं गोठवलं आणि मालकाला भाडेकरू मनाला येईल तेव्हा काढता येईना. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडीच्या व्यवहारालाही कायद्यात जागा दिली. या कायद्यांनी इमारतींची काय दुर्दशा झाली हा वेगळा आणि खरा मुद्दा आहे. मालक डागडुजी करीनात आणि चाळी खचत गेल्या. पण राहण्याच्या हक्काच्या बाजूने पाहिलं, तर त्या पावतीने प्रत्येक वर्षाचं मोल वाढवत नेलं. जितकी जुनी पावती तितका पक्का हक्क, आणि तो मुलाकडेही जाणारा. गिरगावच्याच उत्तर टोकाला ऑपेरा हाऊसचा हिऱ्याचा बाजार होता. २०१० मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात भारत डायमंड बोर्स सुरू झाल्यावर तो बराचसा तिकडे गेला. या बाजारातल्या पालनपुरी जैन कुटुंबांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात बेल्जियममधल्या अँटवर्पला पेढ्या थाटल्या. तरुणपणी व्यापारासाठी गेलेली माणसं तिथे स्थिरावली, मुलं तिथल्या शाळांत शिकली, पुढची पिढी तिथली नागरिक झाली. भारताचा पहिला सामाजिक सुरक्षा करार २००९ मध्ये लागू झाला, तोही बेल्जियमशीच. ऑपेरा हाऊसहून अँटवर्पला गेलेल्या व्यापाऱ्याकडे भांडवल होतं, हे खरं. पण भांडवलाने फक्त दार उघडलं. पुढच्या पिढीचं घर तिथे झालं, कारण त्या देशात राहिलेलं वर्ष मोजलं जात होतं.

भायखळ्यावरून लालबागला आलं की तीच गोष्ट उलट्या बाजूने समजते. गिरणगाव हे परगावच्या माणसांनी चालवलेलं शहर होतं. १९२१ आणि १९३१ च्या जनगणनांत मुंबईतले बहुतेक लोक शहराबाहेर जन्मलेले आढळतात आणि पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांचं प्रमाण जेमतेम निम्म्याच्या आसपास. रत्नागिरी, सातारा, पुणे, कोल्हापूर या जिल्ह्यांतून तरुण पुरुष यायचे, गावकीच्या खोलीत किंवा नातेवाइकाच्या दहा बाय दहात पंधरा-वीस जण पाळीपाळीने झोपायचे, जेवायला खाणावळीत जायचे. या खाणावळी चालवणाऱ्या बायकांची संघटना म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, यावरून ही व्यवस्था किती मोठी होती आणि किती काळ टिकली ते कळतं. गिरणीत मात्र दोन प्रकारचे कामगार होते: कायम आणि बदली. बदलीवाल्याने सकाळी फाटकावर उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी आत जायचं, नसेल तर घरी परतायचं. कुणाला आत घ्यायचं हे जॉबरच्या, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या, मर्जीवर चालायचं, म्हणून १९३५ मध्ये गिरणीमालकांच्या संघटनेने बदली कार्डांची पद्धत आणली. पण कार्ड मिळालं तरी माणूस कायम होत नसे. दोन कामगार एकाच साच्यावर वीस-वीस वर्षं उभे राहिले, तरी एकाची वर्षं नोकरी म्हणून मोजली गेली आणि दुसऱ्याची हजेरीचे सुटे दिवस म्हणून. आजच्या भाषेत सांगायचं तर एकाकडे कायम वास्तव्याचा परवाना होता आणि दुसऱ्याकडे दरवर्षी नवा करून घ्यायचा व्हिसा.

हा फरक केवढा महाग पडतो ते १९८२ नंतर दिसलं. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांतल्या ५८ क्रमांकाच्या नियमाने, पुढे २००१ मधल्या त्याच्या दुरुस्तीने, त्यांच्या जमिनींचा बाजार खुला झाला. जमिनीतला वाटा म्हणून कामगारांना घरं द्यायचं ठरलं, तेव्हा पात्रता कशावर ठरली? १९८२ च्या सुरुवातीला आणि त्यानंतर गिरणीच्या हजेरीपटावर नाव होतं की नाही, यावर. पोटमाळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतलं तिकीट, पगाराची पावती, भविष्यनिर्वाह निधीचा उतारा, ही चाळीस वर्षांपूर्वीची कागदपत्रं एकाएकी घराची किल्ली ठरली. अर्ज दीड लाखाच्या वर आले. म्हाडाने मोठी सोडत काढली २०१२ मध्ये, म्हणजे संपानंतर तीस वर्षांनी. बऱ्याच कामगारांना आता लालबाग-परळपासून दूर शेलू आणि वांगणीची घरं पुढे केली जातात आणि त्याविरुद्ध ते २०२५ मध्येही आझाद मैदानात उतरले. यातून मला दिसतं ते असं: आयुष्याची वर्षं नोंदलेली असली तर उशिरा का होईना, अपुरा का होईना, हक्क सांगता येतो. नोंदच नसेल तर भांडायलाही काही हाताशी राहत नाही.

गिरण्यांच्या धुराड्यांपासून जवळच, परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये, हाफकिन संस्था आहे. वाल्देमार हाफकिन हे ओडेसात जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ. १८९६ च्या शरदात मुंबईत प्लेग फुटला, तेव्हा त्यांना कलकत्त्याहून इथे बोलावण्यात आलं. त्या वेळी ते छत्तीस वर्षांचे होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी आपल्या लशीचा प्रयोग स्वतःवर केला. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या या वास्तूत आली आणि १९२५ मध्ये तिला त्यांचं नाव मिळालं. मधली गोष्ट इतकी गोड नाही. १९०२ मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावी दूषित बाटलीमुळे लस घेतलेली १९ माणसं धनुर्वाताने दगावली, दोष हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना कामावरून दूर करण्यात आलं. १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले, परंतु परळच्या संस्थेचं प्रमुखपद त्यांना पुन्हा मिळालं नाही. निवृत्तीच्या वयाला पोचल्यावर त्यांनी भारत सोडला आणि १९३० मध्ये ते लोझानला वारले. श्रमाच्या दाराने आलेल्या सर्वांत बुद्धिमान, सर्वांत उपयोगी परदेशी माणसाच्या वाट्यालाही हेच यावं, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. शहराने त्याची पस्तिशी आणि चाळिशी वापरली, नाव संस्थेला दिलं, आणि म्हातारपण त्याचं त्याच्यावर सोडलं.

आता याच मापाने आजचे व्हिसे मोजून पाहू. वयाचा हिशेब ते उघडपणे मांडतात. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीच्या गुणपद्धतीत एकट्या अर्जदाराला २० ते २९ या वयासाठी ११० गुण मिळतात, तिशीनंतर ते दरवर्षी उतरत जातात आणि ४५ ला शून्यावर येतात. ऑस्ट्रेलियाच्या कुशल कामगारांच्या गुणांकनात २५ ते ३२ या वयाला ३०, तर ४० ते ४४ ला १५ गुण. पंचेचाळिशीनंतर सर्वसाधारणपणे अर्जच करता येत नाही. जर्मनीने १ जून २०२४ पासून सुरू केलेल्या चान्सनकार्टे या नोकरीशोधाच्या परवान्यात पस्तिशीच्या आतल्या माणसाला दोन गुण, चाळिशीच्या आतल्याला एक. ब्रिटनची भारतीय तरुणांसाठीची योजना १८ ते ३० या वयाची, वर्षाला ३,००० जागांची, सोडतीने निवड करणारी आणि दोन वर्षांवर मुदतवाढ न देणारी. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये भारतीयांसाठी उघडलेला वर्क अँड हॉलिडे व्हिसाही त्याच वयाचा आणि वर्षाला १,००० जणांपुरता. म्हणजे जगातल्या बहुतेक दारांवर उमेदवाराचं वय आधी पाहिलं जातं. फाटकावर उभ्या असलेल्या बदलीवाल्यांमधून दंडात बळ असलेला पोरगा उचलणारा जॉबर हा गुणतक्ता पाहून चकित झाला नसता. त्यात मला गैर काही वाटत नाही. आपल्या गरजेनुसार माणूस निवडायचा यजमानाला हक्क आहे. प्रश्न निवडीच्या पुढचा आहे.

अमेरिकेचं उदाहरण घ्या. एच-वन-बी व्हिसाची मुदत सहसा सहा वर्षांची. ग्रीन कार्डाचा अर्ज रांगेत असेल तरच पुढे वाढते. या काळात माणूस आणि त्याची कंपनी, दोघेही सोशल सिक्युरिटीचा कर भरत असतात. पण त्या योजनेतून निवृत्तिवेतन मिळायला ४० तिमाह्या, म्हणजे साधारण दहा वर्षांची कमाई लागते. भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षा करार नाही. त्यामुळे सहा वर्षांनी परतणाऱ्या माणसाची वर्षं आणि पैसे दोन्ही तिथल्या तिजोरीत राहतात. ऑस्ट्रेलियात वर्क अँड हॉलिडे व्हिसावर काम केलेल्या तरुणाच्या नावावर मालक निवृत्तिनिधी भरतो खरा, पण देश सोडताना तो काढायला गेलं की ६५ टक्के कर कापला जातो. याच्या उलट जर्मनीशी भारताचा करार मे २०१७ पासून लागू आहे आणि दोन्ही देशांत भरलेला विम्याचा काळ त्यात एकत्र मोजता येतो. जर्मनीत उच्चशिक्षितांसाठीच्या ब्लू कार्ड या परवान्यावर काम करणाऱ्याला २७ महिन्यांनी, आणि जर्मन भाषा बी-वन पातळीपर्यंत येत असेल तर २१ महिन्यांनी, कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. मुदतीचे आकडे पाहिले तर अमेरिकेची सहा वर्षं जर्मनीच्या एकवीस महिन्यांपेक्षा घसघशीत दिसतात. जमाखात्यात पाहिलं तर उत्तर उलटं येतं.

आपला देश याला अपवाद नाही, हेही इथेच सांगितलं पाहिजे. भारतात निवृत्तांसाठी वेगळा व्हिसा नाही. परदेशी माणसाला नोकरीचा व्हिसा हवा तर सर्वसाधारणपणे वार्षिक पगार १६.२५ लाख रुपयांहून अधिक लागतो. विशिष्ट देशाचं जेवण करणारे आचारी, अनुवादक, इंग्रजीखेरीज अन्य भाषा शिकवणारे शिक्षक अशांना त्यातून सूट आहे. ऑक्टोबर २००८ पासून अशा परदेशी कर्मचाऱ्यांना भविष्यनिर्वाह निधीच्या कक्षेत आणलं गेलं, तेही पूर्ण पगारावर. ज्यांच्या देशाशी भारताचा करार नाही त्यांना ती रक्कम सहसा ५८ व्या वर्षीच काढता येते. तीन वर्षांसाठी आलेल्या तिशीतल्या इंजिनिअरचा पैसा पाव शतक अडकावा, हे कर्नाटक उच्च न्यायालयाला एप्रिल २०२४ मध्ये पटलं नाही आणि त्याने ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. वाद त्यानंतरही चालू राहिला. पैशाचं दार २०१६ मध्ये उघडलं, ते १० कोटी रुपये १८ महिन्यांत किंवा २५ कोटी ३६ महिन्यांत गुंतवणाऱ्यांसाठी. नात्याचं दार मात्र भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डाच्या रूपाने २००५ पासून रुंद उघडं आहे. परळच्या टाटा रुग्णालयात उपचारासाठी शेजारी देशांतून आलेले रुग्ण आणि त्यांची माणसं महिनोन्‌महिने या भागात राहतात. त्यांचा मुक्काम वैद्यकीय व्हिसाचा, त्यामुळे तो कुठल्याच खात्यात जमा होत नाही. सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांविषयीचे १९३९ आणि १९४६ चे जुने कायदे जाऊन नवा कायदा लागू झाला आहे. त्याने नोंदणी आणि देखरेख एका छत्राखाली आणली. राहिलेल्या वर्षांचं मोल वाढवायचं काम त्याने हाती घेतलेलं नाही.

या मांडणीवर पहिला आक्षेप असा येईल, की गिरणी कामगार आपल्याच देशात होता, त्याची व्हिसाधारकाशी तुलना कशी करता? आक्षेप अर्धा बरोबर आहे. लालबागच्या बदली कामगाराला कुणी हद्दपार करू शकत नव्हतं, त्याला मत होतं, संघटना होती, आणि संपाच्या काळात परतायला गावी निदान एक घर होतं. पण त्यामुळे माझा मुद्दा अधिक घट्ट होतो. एवढं सगळं पाठीशी असूनही नोंद नसलेली वर्षं त्याच्या कामी आली नाहीत, तर यातलं काहीच नसलेल्या परदेशी कामगाराचं काय होईल? शिवाय कुडातले गोंयकार कायद्याने परके होतेच. दुसरा आक्षेप डिजिटल नोमॅड व्हिसावाल्यांचा. त्यांचं म्हणणं, आता नोकरी लॅपटॉपमध्ये असते, माणूस कुठेही बसतो, वयाची आणि श्रमाची ही जुनी गणितं संपली. थायलंडने जुलै २०२४ मध्ये आणलेला डीटीव्ही हा असाच व्हिसा घ्या: पाच वर्षांची वैधता, एका वेळी १८० दिवस, पाच लाख बाथ शिल्लक दाखवायची. इंडोनेशियाच्या अशाच परवान्याला वर्षाला ६०,००० डॉलरची मिळकत लागते. सोय म्हणून हे उत्तम आहेत. पण या परवान्यांवर स्थानिक नोकरी करता येत नाही आणि ते कायम वास्तव्याकडे नेत नाहीत. पगार एका देशात, मुक्काम दुसऱ्या देशात, आणि म्हातारपणाची तरतूद बहुधा कुठेच नाही. पोर्तुगाल-स्पेनसारख्या देशांच्या परवान्यांत पाच वर्षांनी पुढची पायरी आहे, म्हणून ते वेगळ्या रांगेत बसतात. नोमॅड व्हिसाने श्रमाचा प्रश्न सुटत नाही. तो फक्त यजमानाच्या दारातून उचलून पाहुण्याच्या पिशवीत ठेवला जातो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. चोविसाव्या वर्षी दोन वर्षं मेलबर्नला किंवा मँचेस्टरला जाऊ पाहणाऱ्या मुलीला पेन्शनच्या गोष्टी कशाला सांगायच्या? तिला जग पाहायचं आहे, थोडे पैसे साठवायचे आहेत, परत यायचं आहे. तिला खरंच सांगायची गरज नाही. दोन वर्षं आणि मग परत, असं जो व्हिसा स्पष्ट बोलतो तो प्रामाणिक आहे आणि त्या वयाला साजेसाही आहे. अडचण होते ती अडतिसाव्या वर्षी बिऱ्हाड, मुलं आणि कर्ज घेऊन जाणाऱ्याची, कारण त्याला इथलं आणि तिथलं अशी दोन्ही खाती एकदम सांभाळायची असतात. त्यात पायऱ्याही चढताचढता हलवल्या जातात. ब्रिटनमध्ये कुशल कामगाराला पाच वर्षांनी मिळणारं कायम वास्तव्य दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव मे २०२५ मध्ये तिथल्या सरकारने मांडला. पोर्तुगालने गुंतवणुकीवर मिळणाऱ्या गोल्डन व्हिसातला घरखरेदीचा मार्ग २०२३ मध्ये बंद केला आणि स्पेनने ती योजनाच एप्रिल २०२५ मध्ये गुंडाळली. यावर कुणी म्हणेल, की परक्या माणसाला आयुष्यभराचं वचन द्यायला कुठलाही देश बांधलेला नाही. मान्य. पण मग त्याने म्हातारपणासाठी कापलेली वर्गणीही ठेवून घेऊ नये. माणूस ठरलेल्या मुदतीसाठी हवा असेल तर हिशेबही त्याच मुदतीत मिटवावा, एवढी मागणी कुणालाही अवाजवी वाटू नये.

परळहून दादरला येईपर्यंत हा प्रश्न सरकारच्या दारात येऊन पोचतो. दादरच्या स्टेशन परिसरात परदेशी भाषा आणि आयईएलटीएसच्या क्लासच्या पाट्या दिसतात, त्या आता केवळ हौशी विद्यार्थ्यांसाठी नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा सामंजस्य करार केला आणि सुमारे दहा हजार तरुणांची संख्या पुढे ठेवली. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, वाहनचालक, हॉटेलातले कर्मचारी अशा कामांसाठी हे तरुण लागणार आहेत, म्हणजे ज्या घरांतून एके काळी गिरणीत माणसं जात होती त्याच थरातले. गिरणगावाच्या अनुभवाने काही शिकवलं असेल तर ते आता वापरायची वेळ आहे. जाणाऱ्या प्रत्येकाने सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: हा परवाना कायम वास्तव्याच्या मोजणीत धरला जातो का, मालक बदलला तर तो टिकतो का, आणि परत यावं लागलं तर निवृत्तिनिधीत भरलेले पैसे कुठे मिळतात. पाठवणाऱ्या शासनाने हेच प्रश्न करारातच विचारले पाहिजेत, कारण एकट्या उमेदवाराला यजमानाशी घासाघीस करायची ताकद नसते. आणि प्रत्येकाच्या नोकरीच्या काळाची नोंद इथेही, आपल्या खात्यात, ठेवली गेली पाहिजे. १९८२ चा हजेरीपट शोधण्यात कामगारांची उतारवयं गेली. २०२४ नंतर जाणाऱ्यांचा हजेरीपट पहिल्या दिवसापासून नीट ठेवायला शासनाला कुठलाही परदेशी व्हिसा आड येत नाही.